पुरात भिजलेला छपरपलंग: उतरवण्यापासून पुन्हा उभा करेपर्यंतच्या नोंदी

पलंग आत्याचा, वडोदऱ्याचा. सागवानी, साडेसहा बाय पाच फूट, खांब सात फूट उंच. खांबांवर आणि डोक्याकडच्या कठड्यावर संखेड्याचं, म्हणजे वडोदऱ्याजवळच्या संखेडा गावचं, लाखकाम आहे. वर चौकट, चौकटीत रेशमी चांदवा, चारी बाजूंना झालर आणि चार कोपऱ्यांना चार पडदे. या सगळ्यावर आरीच्या (आकडा असलेल्या सुईच्या) साखळी टाक्याचं भरतकाम. आत्याच्या आजेसासूबाईंच्या माहेराहून आलेला, म्हणजे शंभर वर्षांहून जुना नक्कीच. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि पलंग दोन फूट पाण्यात राहिला. पूर, गळकं छत किंवा फुटलेली टाकी यांमुळे ज्यांच्या घरी असं काही भिजलंय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या.

३१ ऑगस्ट २०२४

पाणी ओसरलं, वीज अजून नाही. खोलीत बोटभर गाळ. गटाराचंही पाणी त्यात मिसळलेलं, त्यामुळे रबरी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय कशालाच हात लावला नाही.

आधी काय वाचवायचं, लाकूड की कापड? घरातले सगळे लाकडाकडे धावत होते. मी कापड आधी घेतलं आणि आजही तेच सांगेन. सागवान पाण्यात आठवडा काढतं. भिजलेलं रेशीम मात्र कोरड्या रेशमापेक्षा कमजोर असतं आणि त्याच वेळी पाण्याने जड झालेलं असतं. आपल्याच वजनाने ते फाटतं. त्यात या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते.

चांदवा आणि झालर पाण्याच्या वर होती, नुसती दमटली होती. पडदे खालून दोन फूट बुडालेले. त्यांची खालची टोकं गाळाने खांबाला चिकटून बसली होती. ओढायचं नाही. खालून पलंगपोस धरला, दोघींनी त्याची झोळी केली, पडद्याचं सगळं वजन झोळीत आलं आणि मग वरच्या नाड्या कात्रीने कापल्या. गाठी सोडवत बसलो असतो तर तेवढा वेळ कापड लोंबकळत राहिलं असतं. नाड्या नव्या लावता येतात.

गच्चीवरच्या खोलीत मच्छरांची प्लॅस्टिकची जाळी बाजांवर ताणून बांधली आणि पडदे त्यावर सपाट पसरले, म्हणजे खालूनही हवा लागेल. वरून पांढरे टर्किश टॉवेल नुसते टेकवून पाणी टिपलं. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते.

धुवायचं का? मातीचं पाणी ओलं असतानाच स्वच्छ पाण्याने काढणं चांगलं, पण रंग पक्के असतील तरच. टॉवेल उचलला तेव्हा त्यावर गुलाबी डाग होता. अस्तराचा लाल खारवा (जाड सुती कापड) रंग सोडत होता. तिथेच धुण्याचा विचार थांबवला.

३ सप्टेंबर

आम्ही वर कापडात गुंतलो असताना मदतीला आलेल्या कोणीतरी दोन खांब गच्चीवर उन्हात उभे करून ठेवले होते. भल्या हेतूनेच. संध्याकाळी पाहिलं तर उन्हाच्या बाजूने लाख तडकून तिचे पापुद्रे उभे राहिले होते. करंगळीच्या नखाएवढे, कडा वर वळलेल्या, आणि त्यांच्या पोटाला कथलाची चमक. सावलीतल्या बाजूला लाख पांढुरकी झाली होती, पण जागेवर होती.

कारण साधं आहे. लाकूड बाहेरून झटक्यात वाळलं की आकसतं. लाख आकसत नाही, ती सुटते. खांब लगेच आत आणले, आडवे ठेवले, खाली पट्ट्या. पंखा भिंतीकडे तोंड करून. थेट वारा नको, ऊन तर नकोच.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. आरतीनंतर पलंग पूर्ण उलगडला.

प्रत्येक सांध्यापाशी पटाशीने कोरलेल्या खुणा आहेत: एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. ज्याने पलंग घडवला त्याने कुठला कुसू (सांध्याची जीभ) कुठल्या खाचेत जातो हे लिहून ठेवलंय. फोटो काढले आणि प्रत्येक भागाला सुती दोऱ्याने कापडी चिठ्ठी बांधली. चिकटपट्टी लाखेवर लावायची नाही; काढताना लाख घेऊन निघते.

लांब बाजूच्या पट्ट्या लोखंडी बोल्टने खांबांत आवळलेल्या आहेत. गंज फुगून बोल्ट आत गच्च बसलेले. मिस्त्रींनी हातोडी उचलली, ती ठेवायला लावली. नट तापवून सैल करायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही, कारण लाख सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या आसपास वितळते. सिरिंजने बोल्टच्या मुळाशी थेंब थेंब तेल सोडलं. आजूबाजूच्या लाखेवर तेल पसरू नये म्हणून मेणाची बारीक वळी करून बोल्टभोवती आळं केलं. दोन दिवस तसंच ठेवलं. एक सोडून सगळे निघाले. तो एक हेक्सॉ ब्लेडने फटीतून कापला. त्याला अख्खी दुपार गेली, पण खांब फुटला नाही.

२२ सप्टेंबर

लाकडाची ओल मोजायचं यंत्र घेतलं, अठराशे रुपये. ते नसतं तर ‘वाळलं असेल’ एवढ्या अंदाजावर काम सुरू झालं असतं. लाखकाम नसलेल्या जागी, म्हणजे खुराच्या तळाला आणि खाचांच्या आत मोजते. सुरुवातीला आकडा तीस टक्क्यांच्या वर होता. आज एकवीस. वरचं टोक, जे भिजलंच नव्हतं, ते बारा दाखवतं. सगळीकडे बारा आल्याशिवाय काहीही चिकटवायचं नाही, असं ठरवलं.

वाळलेला गाळ आधी मऊ ब्रशने झाडला, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस काडीला गुंडाळून लाख पुसली. साबण, धुण्याचा सोडा, भांड्यांचं लिक्विड यांपैकी काहीही नाही. लाख क्षारात विरघळते.

१९ ऑक्टोबर

नवरात्र संपेपर्यंत संखेड्याचे कारागीर मोकळे नव्हते. आज जाऊन आलो. गाव ओरसंग नदीच्या काठी, वडोदऱ्याहून पन्नास किलोमीटरच्या आत. तिथले कारागीर खराडीकाका, त्यांनी खांब हातात घेतला, तिरपा धरून उजेडात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलले: “बेन, आने स्पिरिट अडाडशो नहीं.” म्हणजे, ताई, याला स्पिरिट लावू नका.

हे वाक्य फ्रिजवर लावून ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे. जुनं फर्निचर म्हटलं की आपल्याकडचा कुठलाही पॉलिशवाला आधी स्पिरिटचा बोळा फिरवतो. साध्या सागवानी कपाटाला ते चालतं, कारण तिथे फक्त वरचं चपड्याचं, म्हणजे लाखेचंच, पॉलिश निघतं. इथे लाख हेच सगळं काम आहे. एक बोळा फिरला की शंभर वर्षांची नक्षी त्या बोळ्यात.

त्यांनी थर समजावून सांगितले. आधी सागवान कातून घेतात. त्यावर रंगाचा थर. मग कथील बारीक कुटून सरसात (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या गोंदात) कालवतात आणि त्या कालवणाने कुंचल्याने वेली, बुट्ट्या, ठिपके काढतात. ते वाळलं की अकीकाच्या दगडाने घासून चमकवतात. मग खांब कातावर (लाकूड गोल फिरवून घडवायच्या यंत्रावर) फिरत असताना लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. शेवटी केवड्याच्या पानाने झिलई. पारदर्शक लाखेखालचं पांढरं कथील मग सोन्यासारखं दिसतं.

आमचं नुकसान नेमकं कुठे झालं ते यातून कळलं. लाखेला पाणी तितकंसं बाधत नाही. खालच्या कथलातला सरस पाण्याने फुगतो. तडा गेलेल्या जागेतून पाणी आत शिरलं, सरस सुटला आणि वरची लाख आधाराविना राहिली.

काका म्हणाले, सगळं खरवडून कातावर नवं करून देतो, नवरदेवासारखं सजेल. मी नाही म्हटलं. नवा खांब बाजारात मिळतो. या बुट्ट्या काढणारा हात मिळत नाही. ते नाराज झाले नाहीत. खांब तीन तुकड्यांचा आहे आणि तुकडे लाकडी आट्यांनी एकमेकांत बसतात, हे त्यांनीच दाखवलं. त्यामुळे दोन खांबांचे सर्वांत खालचे तुकडे, ज्यांच्यावर लाख उरलीच नव्हती, तेवढेच कातावर चढवायचे ठरले. तुकड्याला बावीसशे रुपये. बाकीचं आम्ही घरी बसवायचं.

१६ नोव्हेंबर

खालचे तुकडे आले. पहिल्याचा तांबडा फार भडक होता. जुन्या लाखेशेजारी ठेवला की डोळ्यात खुपायचा. परत पाठवला. काकांनी लाखेत थोडी काजळी घालून तो पुन्हा फिरवला. आता चार फुटांवरून फरक कळत नाही, हातभर अंतरावरून कळतो. तो कळायला हवाच. नवं काम कुठलं हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. तुकड्याच्या आतल्या बाजूला, जिथे आटे आहेत तिथे, पेन्सिलीने वर्ष लिहून ठेवलंय.

३० नोव्हेंबर

ओल सगळीकडे बारा-तेरा. पापुद्रे बसवायला घेतले. या कामाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

मूळ थर सरसाचा, म्हणून चिकटवायलाही त्याच जातीचं पण स्वच्छ काहीतरी हवं: साधं बिनवासाचं जिलेटीन, कोमट पाण्यात. पाच टक्क्यांचं द्रावण सुटलेल्या एका तुकड्यावर आजमावलं. वाळताना ते इतकं आकसलं की पापुद्र्याची कड आणखी वर आली. दोन टक्क्यांवर आणलं, तेव्हा जमलं. म्हणजे शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम. काट्यावर तोलूनच घ्या, चमच्याने नाही.

पद्धत अशी. पापुद्र्याच्या कडेला तीन नंबरच्या ब्रशने एक थेंब टेकवायचा. तो आपोआप आत ओढला जातो. दोन मिनिटांत लाख किंचित नरम पडते. वर सिलिकॉनचा कागद ठेवायचा आणि मेणकामाच्या लहान विजेच्या पात्याने हलके दाबायचं. पातं साठ अंशांवर. त्याच्यावर गेलं तर लाख कागदाला लागते, खाली राहिलं तर पापुद्रा वाकत नाही, तुटतो. मग वाळूची छोटी पुरचुंडी वजन म्हणून रात्रभर.

वीतभर लांबीला एक संध्याकाळ जाते. घाई करायची तर हे काम हातात घेऊ नये.

जिथे लाख गेलीच आहे तिथे नक्षी रंगवली नाही. उघड्या लाकडावर जुळता सपाट रंग दिला, तोही पाण्याने निघेल असा, आणि वर मेण.

एक खूर उभा चिरला होता. तो सरसानेच जोडला, शिकंजात धरून. मिस्त्रींचा आग्रह इपॉक्सीचा होता. इपॉक्सी पक्कं बसतं हे खरं, पण पुन्हा कधी सोडवायची वेळ आली तर सांधा नाही, लाकूड तुटतं. सरस गरम पाण्याने सुटतो. हा पलंग आज माझ्या हाताने सुटा झाला तो जुन्या सुताराने सरस वापरला म्हणूनच.

७ डिसेंबर

आता कापड. तीन महिने ते जाळीवर सपाट, वर मलमलीचं पांघरूण. खडखडीत कोरडं आहे. गाळाची पूड झालीय.

जमीन, म्हणजे भरतकामाखालचं कापड, गजीची; गजी म्हणजे गुजरातचं सॅटिन विणीचं रेशीम; पडदे गर्द हिरवे, झालर मोतिया. भरतकाम सैल पिळाच्या रेशमी धाग्याचं: फुलझाडं, पोपट, झालरीवर मोरांची रांग. कच्छचे मोची हेच काम करत, चामड्यावर चालवायची आर कापडावर आणून. गुजरातचं असलं आरीकाम सतराव्या शतकापासून पलंगाच्या पडद्यांसाठी युरोपात जात होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १७०० च्या सुमाराचे, ॲशबर्नहॅम घराण्याकडून आलेले गुजराती पडदे आहेत. त्यांचे फोटो मोठे करून पाहिले, टाके कुठल्या दिशेने चालतात ते समजून घ्यायला. देठ एका रेषेत, पाकळी कडेकडून आत गोल गोल. आमच्या पोपटाचा पंख अगदी तसाच भरलाय, बाहेरून आत, आणि मधे शेवटचा टाका.

त्या शेवटच्या टाक्यातच धोका आहे. साखळी टाक्याचं टोक सुटलं की अख्खी ओळ उसवत जाते, स्वेटर उसवतो तशी. म्हणून झाडणं-झटकणं करण्याआधी सगळी मोकळी टोकं शोधून एकेक बारीक टाका घालून बांधली. धागा रेशमी ऑर्गंझातून उपसलेला एकेरी. विकतचा कुठलाही दोरा यापुढे जाड वाटतो. सुई अर्धगोल. सपाट पडलेल्या कापडाखाली हात न घालता तिनेच शिवता येतं.

मग व्हॅक्यूम. खिडकीची जाळी लाकडी चौकटीत ठोकली, ती कापडावर ठेवली आणि नळी जाळीवरून फिरवली, ओढ सगळ्यात कमी ठेवून. जाळी नसेल तर नळी धागेच ओढून घेते. पडद्यांच्या पुढून-मागून मिळून गाळाची पूड वाटीभर निघाली. ही पूड नुसती मळ नव्हे. कापड हललं की तिचे कण रेशमाला कापत राहतात.

२१ डिसेंबर

लाल अस्तर उसवून काढलं. त्याच्या आत, घडीत, केसाळ अळीच्या काती सापडल्या. म्हणजे कीड पुराच्या आधीपासूनच होती. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांनी काही अडलं नव्हतं. त्या गोळ्या काढून टाकल्या. त्यांचा वास रेशमात बसतो आणि आपल्या श्वासालाही चांगला नाही.

ओळखीच्या दुकानदाराकडून आइस्क्रीमचा आडवा फ्रीझर भाड्याने घेतला. पडदे मलमलीत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, हवा काढून, पक्के बंद केले. उणे अठरा अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस खोलीत तशीच राहू द्यायची. नाहीतर थंड कापडावर बाष्प धरतं आणि सगळं पुन्हा ओलं. कापड पूर्ण कोरडं झालं असेल तरच हा उपाय.

आत्या म्हणाली, “अगं, आम्ही कडुलिंबाचा पाला घालायचो.” पाला चुरतो, डाग पाडतो, आणि अळी मरत नाही. तिला फ्रीझरचं पटलं नव्हतं. पिशवी उघडून मेलेल्या अळ्या दाखवल्या, तेव्हा पटलं.

११ जानेवारी २०२५

लाल डाग. दोन पडद्यांच्या खालच्या भागात अस्तराचा रंग पुढच्या रेशमी फुलांवर उतरलाय. मोतिया पाकळ्या आता गुलाबी आहेत. मागच्या बाजूने, काठाच्या आत, एका जागी पाहिलं: डिस्टिल्ड पाण्याचा थेंब, वर पांढरा टिपकागद, वर काच. कागदावर लाल आलं, पण शेजारचा हिरवाही आला आणि डागाची कड दोन मिलिमीटर पुढे सरकली. डाग राहू दिला. घरी पाण्याने निघणारा तो नाही, आणि ब्लीच, लिंबू, खायचा सोडा हे रेशमावर करायचे प्रयोग नव्हेत. वस्तू अगदी मोलाची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, त्यांना आधी विचारा.

मोरांच्या काळ्या रेघा ही वेगळी गोष्ट. त्यांचा पुराशी संबंध नाही. झालरीवरचा प्रत्येक मोर काळ्या धाग्याने रेखलेला होता. आज काळा धागा जवळपास कुठेच नाही, नुसती आरीची भोकं उरलीत. शेजारचा पिवळा, निळा, हिरवा शाबूत. जुना काळा रंग हिरड्यासारख्या तुरट वस्तू आणि लोखंड यांच्यापासून करत. ते लोखंड रेशमाला वर्षानुवर्षं खात राहतं. भोकांवरून बोट फिरवलं की काळी धूळ लागते, तो धागाच होता.

परत भरायच्या का रेघा? आत्याच्या सुनेला भरतकाम सुंदर येतं आणि तिची फार इच्छा होती. नको म्हटलं. प्रत्येक टाक्याला जुन्या भोकाशेजारी नवं भोक पडणार आणि तिथली गजी आधीच चिरतेय. मोर रेघेशिवायही मोर दिसतो.

२ फेब्रुवारी

मध्ये उत्तरायणात काही झालं नाही, सगळे गच्चीवर पतंगात होते. त्यानंतर आधाराचं कापड.

मांजरपाट घेतला आणि तो खळ निघेपर्यंत गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला. खळ राहिली की कसर येते. आटायचं ते आत्ताच आटू द्यायचं. प्रत्येक पडद्यामागे मांजरपाटाचा पूर्ण पाठिंबा, आणि गजी त्यावर ओळीओळीने धरली. ओळी सलग नाहीत. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून टाके, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. टाका सैल. कापड धरायचं आहे, आवळायचं नाही.

चिरलेल्या जागी धाग्यांवर आडवे लांब टाके आणि त्यांना धरणारे बारीक उभे टाके. मोरांच्या पट्टीवर अख्खीच नायलॉनची बारीक जाळी घातली, वडोदऱ्याच्या मंगळ बाजारातून आणलेली, राखाडी. पांढरी जाळी आणू नका, धुकं पसरल्यासारखं दिसतं. राखाडी दोन पावलांवरून नाहीशी होते.

१६ फेब्रुवारी

अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात गेलो. १९४९ मध्ये सुरू झालेलं, फक्त कापडाचं. आधी नाव नोंदवावं लागतं. आत उजेड इतका मंद की डोळे सरावायला वेळ लागतो. कापडाला पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड देऊ नये, असा संग्रहालयांचा दंडक. घरी फोनवरच्या मापकाने पाहिलं: पलंग जिथे होता तिथे दुपारी नऊशेच्या वर.

इंग्लंडमध्ये डर्बीशायरात कॉक ॲबी नावाची हवेली आहे. ती १९८५ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आली तेव्हा तिथे अठराव्या शतकातला एक पलंग मिळाला, चिनी रेशमी भरतकामाच्या पडद्यांचा. पडदे पेट्यांतच पडून राहिलेले, म्हणून रंग काल भरल्यासारखे ताजे. आमच्या पडद्यांची अस्तराखाली दडलेली शिवण उसवली तेव्हा आतली हिरवी गजी आणि बाहेरची हिरवी गजी ही दोन वेगळी कापडं वाटत होती. बाहेरच्या रंगाचं नुकसान पुराने नाही, खिडकीने केलंय. शंभर वर्षं, रोज.

घरात यावर बरीच चर्चा झाली. आत्याचं म्हणणं, पेटीत ठेवायचे तर वाचवले कशाला? ते चुकीचं नाही. शेवटी असं ठरलं: चांदवा आणि झालर वर चढवायची, कारण चांदव्याचा भरलेला भाग खाली तोंड करून असतो, त्याला थेट उजेड लागत नाही. चार पडदे गुंडाळून ठेवायचे आणि त्यांच्या जागी हातमागाचे साधे हिरवे पडदे. पलंग वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत जाईल. तिथे पूरही येत नाही आणि ऊनही.

पडदे गुंडाळायला जाड पीव्हीसी पाइप, त्यावर ॲसिडमुक्त कागद, मग मलमल. भरतकामाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं. आत ठेवली तर भरलेला भाग दबतो आणि चुरगळतो.

९ मार्च

चांदवा टांगणं. पूर्वी तो सोळा नाड्यांवर होता. सगळं वजन सोळा ठिकाणी, आणि सोळाही ठिकाणी कापड फाटलेलं. आता वजन पूर्ण काठावर वाटलं: चांदव्याच्या मांजरपाटाला चारी बाजूंनी सुती नवार हाताने शिवली, नवारीवर आधीच मशीनने वेल्क्रोची मऊ पट्टी. खरखरीत पट्टी लाकडी पट्टीवर स्टेपल केली. लाकडी पट्टी पलंगाच्या मूळ चौकटीच्या आत नुसती टेकते. मूळ चौकटीत एकही खिळा नाही.

पहिल्यांदा पट्टी अर्ध्या इंचाची घेतली होती, ती मधे झोळ द्यायला लागली. पाऊण इंच सागवान घेतल्यावर सरळ राहिली. मधला भाग सावरायला वरून आणखी एक मांजरपाट ताणून बसवलाय. चांदवा त्याला खालून टाक्यांनी धरलेला आहे. तोच वरची धूळही अडवतो, आणि वर्षातून एकदा तेवढाच काढून धुता येईल.

२३ मार्च

पलंग उभा राहिला. रेघांच्या खुणा जुळवत गेलो तर पहिल्याच वेळी प्रत्येक कुसू आपल्या खाचेत बसला. नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. नवार नवी घातली, सुती, चार इंची. एक आडवी फळी बदलली, त्यासाठी पाडलेल्या घराचं जुनं सागवान वखारीतून आणलं. नवं कोवळं सागवान या हवेत हलत राहतं. खुरांखाली ग्रॅनाइटचे तुकडे, वर फेल्ट.

आत्या खालून चांदव्याकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, “पोपट अकरा आहेत. पूर्वी मला बारा वाटायचे.” मोजले, अकराच आहेत. बारावा कधी नव्हताच. त्या जागी पहिल्यापासून फूल आहे.

खर्च. संखेड्याचं कातकाम चव्वेचाळीसशे. मिस्त्रींची मजुरी साडेसात हजार. जुनं सागवान, बोल्ट, नवार मिळून सहा हजार दोनशे. फ्रीझरचं भाडं पंधराशे. मांजरपाट, मलमल, ऑर्गंझा, जाळी, वेल्क्रो मिळून पाच हजार आठशे. ओल मोजायचं यंत्र अठराशे, विजेचं पातं बाराशे. कागद, पाइप, डिस्टिल्ड पाणी, जिलेटीन यांचे एकवीसशे. हातमागाचे पडदे नऊ हजार, सगळ्यात मोठा एकरकमी खर्च तोच. एकूण साडेएकोणचाळीस हजार. भरतकामाची मजुरी धरलेली नाही. ती घरातल्या बायकांची आहे.

१३ एप्रिल

खोलीत आर्द्रतामापक लावलाय. सध्या चाळीसच्या आसपास. एका खांबावर नोव्हेंबरात बसवलेले दोन पापुद्रे पुन्हा सुटलेत, दोन्ही उन्हात राहिलेल्या बाजूचे. कोरड्या हवेत लाकूड आणखी आकसलं असणार. पुन्हा दोन टक्क्यांच्या जिलेटीनने बसवले. बाकीचे पक्के आहेत. खिडकीच्या काचांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावायची राहिलीय, आणि जूनच्या आधी पाइपवरचे पडदे एकदा उलगडून कीड तपासायची आहे.